मुंबई (विनाशिका)

मुंबई : (आय. एन. एस. मुंबई, ओळखक्रमांक डी ६२). भारतीय नौसेनेची मार्गदर्शित क्षेपणास्त्रांनी सज्ज असलेली विनाशिका. ‘दिल्ली’ वर्गातील तीन विनाशिकांपैकी ही तिसरी व शेवटची होय. मुंबईच्या माझगाव गोदीत तिची बांधणी झाली आणि २२ जानेवारी २००१ रोजी ती नौसेनेत दाखल झाली. सेवेची पहिली दोन दशके तिने मुख्यतः पश्चिम किनाऱ्यावर व्यतीत केली; मध्यायुष्यातील नूतनीकरणानंतर डिसेंबर २०२३ मध्ये ती विशाखापट्टनम् येथील पूर्व नौसेना विभागात रुजू झाली. शत्रूच्या युद्धनौका, पाणबुड्या आणि विमाने यांच्याशी झुंजण्यासाठी बांधलेल्या या जहाजाच्या सेवेतील सर्वांत स्मरणीय प्रसंग मात्र प्रहाराचे नसून सुटकेचे आहेत. लेबानन (२००६) आणि येमेन (२०१५) येथील युद्धांत सापडलेल्या भारतीय व परदेशी नागरिकांना सुरक्षित स्थळी पोहोचविण्यात तिचा महत्त्वाचा वाटा होता.

विनाशिका व भारतीय नौसेना : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाणतीर सोडणाऱ्या लहान व वेगवान नौकांमुळे मोठ्या युद्धनौकांना धोका उत्पन्न झाला. या नौकांचा पाठलाग करून त्यांचा नाश करण्यासाठी ब्रिटिश आरमाराने १८९०–१९०० या दशकात एक नवा नौकाप्रकार तयार केला. ‘पाणतीर-नौकांची विनाशिका’ असे त्याचे मूळ नाव होते; पुढे त्यातील ‘विनाशिका’ एवढाच भाग रूढ झाला. पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांचा माग काढण्याचे व व्यापारी तांड्यांना संरक्षण देण्याचे काम विनाशिकांकडे आले, तर दुसऱ्या महायुद्धात विमानविरोधी संरक्षणाचीही त्यात भर पडली. परिणामतः मूळच्या काहीशे टनांच्या या नौकेचे आधुनिक काळात सहा ते दहा हजार टनांच्या बहुउद्देशी युद्धनौकेत रूपांतर झाले.

स्वातंत्र्यानंतर भारताने ब्रिटनकडून दुसऱ्या महायुद्धात वापरलेल्या तीन विनाशिका विकत घेतल्या. राजपूत, रणजित व राणा अशी त्यांची नावे ठेवण्यात आली आणि १९४९ पासून त्यांची भारतीय सेवा सुरू झाली. १९५३ मध्ये गोदावरी, गोमती व गंगा या लहान आकाराच्या विनाशिकाही ब्रिटनकडून मिळाल्या. यांपैकी जुनी राजपूत विनाशिका १९७१ च्या भारत-पाकिस्तान युद्धात प्रसिद्धीस आली. विक्रांत ही विमानवाहू नौका विशाखापट्टनम्‌जवळच आहे असा शत्रूचा समज व्हावा, म्हणून राजपूतला त्या बंदरात ठेवण्यात आले होते. ३ डिसेंबरच्या रात्री ती बंदराबाहेर पडत असताना तिने पाणबुडीविरोधी स्फोटके टाकली व त्याच रात्री ‘गाझी’ ही पाकिस्तानी पाणबुडी बंदराबाहेर बुडाली. मात्र गाझीच्या नाशाचे कारण राजपूतची स्फोटके, की पाणबुडीतच झालेला स्फोट, याविषयी मतभेद आहेत. ही राजपूत १९७६ मध्ये मोडीत निघाली. १९८० पासून सोव्हिएट रशियात बांधलेल्या पाच नव्या विनाशिका क्रमाने भारताला मिळाल्या आणि त्यांपैकी पहिलीला पुन्हा राजपूत हेच नाव देण्यात आले. अशा रीतीने १९९७ पर्यंत भारताच्या ताफ्यातील प्रत्येक विनाशिका परदेशी गोदीत बांधलेली होती. दिल्ली, म्हैसूर व मुंबई या तीन नौकांनी ही परंपरा बदलली.

नाव : मुंबई बंदराचे नाव धारण करणारी युद्धनौका यापूर्वीही होऊन गेली. दुसऱ्या महायुद्धात रॉयल इंडियन नेव्हीसाठी ऑस्ट्रेलियात काही सुरुंगशोधक नौका बांधण्यात आल्या; त्यांपैकी ‘बॉम्बे’ ही सिडनी येथील गोदीत तयार होऊन १९४२ मध्ये सेवेत आली. ३१ मे १९४२ च्या रात्री जपानच्या छोट्या पाणबुड्यांनी सिडनी बंदरावर हल्ला केला, तेव्हा ती त्याच बंदरात होती. स्वातंत्र्यानंतर ती भारतीय नौसेनेत राहिली व १९६० च्या सुमारास निवृत्त झाली. शहराचे इंग्रजीतील नाव १९९५ मध्ये अधिकृतपणे बदलण्यात आले आणि नव्या विनाशिकेचे जलावतरणही त्याच वर्षी झाले. त्यामुळे जुन्या नौकेचे नाव ‘बॉम्बे’, तर नवीचे ‘मुंबई’ असा फरक राहिला.

मुंबई शहराचे जहाजबांधणीशी असलेले नाते याहून पुष्कळ जुने आहे. १७३५ च्या सुमारास सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या घराण्याने मुंबईच्या गोदीत मलबारी सागाची जहाजे बांधली. त्यांपैकी ‘कॉर्नवॉलिस’ या युद्धनौकेवर १८४२ मध्ये ब्रिटन व चीन यांच्यातील नानकिंगचा तह झाला. १८१७ मध्ये मुंबईत पाण्यात उतरविलेली ‘त्रिंकोमाली’ ही फ्रिगेट इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही जतन केलेली आहे. लाकडी जहाजांचा काळ सरल्यावर मात्र मुंबईत मोठ्या युद्धनौका बांधण्याचे काम जवळजवळ एक शतक थांबले. ते पुन्हा सुरू झाले ते माझगाव गोदीत.

बांधणी : माझगावची सुकी गोदी अठराव्या शतकातील असून १९३४ मध्ये तेथे मर्यादित कंपनी स्थापन झाली. १९६० मध्ये भारत सरकारने ही कंपनी ताब्यात घेतली. ब्रिटिश आराखड्यावरून बांधलेली ‘निलगिरी’ ही फ्रिगेट तेथून जून १९७२ मध्ये नौसेनेत दाखल झाली. पुढे त्याच आराखड्याचा विस्तार करून भारतीय अभिकल्पकांनी ‘गोदावरी’ ही मोठी फ्रिगेट तयार केली (१९८३). ब्रिटिश धाटणीच्या सांगाड्यात सोव्हिएट क्षेपणास्त्रे, पश्चिमी यंत्रसामग्री आणि भारतीय बनावटीची इलेक्ट्रॉनिकी यांची सांगड घालण्याचा अनुभव या नौकेमुळे मिळाला. ‘प्रकल्प १५’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विनाशिकांचा पाया हाच अनुभव होता. त्यांचा मूळ आराखडा नौसेनेच्या अभिकल्प संचालनालयाने केला. शस्त्रांच्या मांडणीसाठी लेनिनग्राड (सेंट पीटर्झबर्ग) येथील अभिकल्प संस्थेचे साहाय्य झाले.

या मालिकेतील ‘दिल्ली’ची बांधणी १९८७ मध्ये सुरू झाली व १५ नोव्हेंबर १९९७ रोजी ती सेवेत आली. ‘म्हैसूर’ २ जून १९९९ रोजी दाखल झाली. मुंबईचा तळकणा १४ डिसेंबर १९९२ रोजी बसविण्यात आला, २० मार्च १९९५ रोजी तिचे जलावतरण झाले आणि त्यानंतर जवळजवळ सहा वर्षांनी ती सेवेत आली. म्हणजे बांधणीच्या प्रारंभापासून सेवाप्रवेशापर्यंत आठ वर्षांहून अधिक काळ लागला. या दिरंगाईस केवळ गोदीची कार्यक्षमता कारणीभूत नव्हती. १९९१ मध्ये सोव्हिएट संघराज्याचे विघटन झाले आणि टर्बाइने, तोफा, क्षेपणास्त्रे व त्यांची नियंत्रणयंत्रे बनविणारे कारखाने वेगवेगळ्या देशांत विभागले गेले. उदा., जहाजाची टर्बाइने युक्रेनमध्ये, तर क्षेपणास्त्रे रशियात तयार होत. एकाच सरकारशी झालेले करार अनेक पुरवठादारांशी नव्याने करावे लागले. सांगाडा देशात उभा राहिला, तरी त्यात बसविण्याची सामग्री परकीय असेल, तर नौका पुरी होणे आपल्या हाती राहत नाही, हा धडा या प्रकल्पाने दिला. पुढील काळात नौसेनेने सामग्रीच्या स्वदेशीकरणावर जो भर दिला, त्यामागे हा अनुभव होता.

रचना व संचालन : मुंबईची लांबी सु. १६३ मी., रुंदी सु. १७ मी. व पाण्याखालील खोली सु. ६·५ मी. आहे. पूर्ण भारासह तिचे विस्थापन सु. ६,७०० टन भरते. युक्रेनी बनावटीच्या चार गॅस टर्बाइनांची शक्ती दोन मळसूत्रांना (स्क्रूंना) दिली जाते व त्यांच्या साहाय्याने ती २८ नॉटहून अधिक (ताशी सु. ५२ किमी.) वेग गाठू शकते. बाष्पयंत्रावर चालणाऱ्या जुन्या विनाशिकांना वाफ तयार होईपर्यंत काही तास थांबावे लागे. गॅस टर्बाइनावर चालणारी नौका थोड्या वेळात बंदर सोडू शकते. अकस्मात् उद्‌भवणाऱ्या मोहिमांच्या दृष्टीने हा गुण महत्त्वाचा ठरतो. जहाजावर सु. ४०० अधिकारी व नौसैनिक असतात. अणु, जैव व रासायनिक अस्त्रांच्या दूषित वातावरणातही आतील माणसांना काम करता यावे, म्हणून अंतर्भाग हवाबंद करण्याची सोय या वर्गात करण्यात आली. ताफ्याच्या प्रमुखाला येथून संचालन करता यावे, अशी व्यवस्थाही या नौकांवर आहे.

शस्त्रसामग्री : बांधणीच्या वेळी या वर्गाची प्रमुख प्रहारशक्ती म्हणजे ‘उरान’ ही जहाजविरोधी क्षेपणास्त्रे होती. चार-चार नळ्यांच्या चार संचांत अशी सोळा क्षेपणास्त्रे होती व त्यांचा पल्ला सु. १३० किमी. आहे. क्षेपणास्त्र पाण्याच्या पृष्ठभागापासून अगदी थोड्या उंचीवरून उडत जाते. त्यामुळे शत्रूच्या रडारला ते उशिरा दिसते. विमानांविरुद्ध ‘श्तिल’ क्षेपणास्त्रांची दोन प्रक्षेपके आहेत, एक जहाजाच्या अग्रभागी व दुसरे हेलिकॉप्टरघराच्या बाजूस. जवळ येऊन ठेपलेली क्षेपणास्त्रे पाडण्यासाठी इझ्राएली बनावटीची ‘बराक’ क्षेपणास्त्रे व सहा नळ्यांच्या ३० मिमी. जलदगती तोफा आहेत. अग्रभागी १०० मिमी.ची तोफ आहे. पाणबुड्यांविरुद्ध ५३३ मिमी. व्यासाच्या पाच पाणतीर-नलिका, बारा नळ्यांची दोन अग्निबाणक्षेपके व दोन हेलिकॉप्टरे अशी तिहेरी योजना आहे. ध्वनिलहरींच्या साहाय्याने पाण्याखालील पाणबुडीचा शोध घेणारी सोनार यंत्रणा जहाजाच्या तळाशी असते. सोनारने दर्शविलेल्या जागी हेलिकॉप्टर पाठवून, जहाज स्वतः पाणबुडीच्या पाणतिराच्या टप्प्यात येण्यापूर्वीच तिच्यावर हल्ला करता येतो. दूरवरच्या विमानांची टेहळणी करणारे रडार भारत इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने बनविले आहे.

या योजनेत काही उणिवाही होत्या. श्तिल प्रक्षेपकाच्या एका भुजेवर एका वेळी एकच क्षेपणास्त्र बसते व ते सोडल्यावर दुसरे वर येईपर्यंत काही सेकंद जातात. अनेक दिशांनी एकाच वेळी हल्ला झाल्यास हा अवधी घातक ठरू शकतो. म्हणूनच पुढील ‘कोलकाता’ वर्गाच्या विनाशिकांत डेकखालील उभ्या नळ्यांतून क्षेपणास्त्रे सोडण्याची पद्धत स्वीकारण्यात आली.

सेवेचा प्रारंभ : मुंबई सेवेत आली त्याच वर्षाच्या अखेरीस, १३ डिसेंबर २००१ रोजी, दिल्ली येथे संसदेवर दहशतवादी हल्ला झाला. त्यानंतर भारताने सीमेवर केलेली सैन्याची जमवाजमव ‘पराक्रम’ मोहीम या नावाने ओळखली जाते. ती २००२ च्या उत्तरार्धापर्यंत चालली. या काळात नौसेनेचा ताफा अरबी समुद्रात सज्ज ठेवण्यात आला होता व त्यात मुंबईचा समावेश होता. प्रत्यक्ष युद्ध झाले नाही. अशा तैनातीत जहाजाला गोळी न झाडता महिनोन्‌महिने युद्धाच्या तयारीत राहावे लागते. यंत्रे, दारूगोळा व माणसे यांची सिद्धता एका दिवसापुरतीही ढिली होऊन चालत नाही. नव्या नौकेची व तिच्यावरील नौसैनिकांची ही पहिलीच दीर्घ कसोटी होती.

लेबाननमधील सुटका : १२ जुलै २००६ रोजी इझ्राएल व लेबाननमधील हिज्बुल्ला संघटना यांच्यात युद्ध पेटले. दुसऱ्याच दिवशी बैरूतच्या विमानतळावर बाँबहल्ला होऊन हवाई मार्ग बंद झाला आणि इझ्राएली नौसेनेने लेबाननच्या किनाऱ्याची नाकेबंदी केली. त्या देशात रोजगारासाठी गेलेले हजारो भारतीय त्यामुळे अडकून पडले. या सुमारास मुंबई, ‘ब्रह्मपुत्रा’ व ‘बेतवा’ या फ्रिगेटी आणि ‘शक्ती’ हे इंधनवाहू जहाज असा भारतीय ताफा भूमध्य समुद्रातील देशांच्या सदिच्छाभेटी आटोपून परतीच्या वाटेवर होता. त्यास मागे वळण्याची आज्ञा झाली. या मोहिमेला ‘सुकून’ (शांतता, दिलासा) असे नाव देण्यात आले.

हे काम किती जोखमीचे होते, हे त्या दिवसांतील एका घटनेवरून कळते. १४ जुलै रोजी बैरूतसमोर गस्त घालणाऱ्या ‘हनीत’ या इझ्राएली युद्धनौकेवर किनाऱ्यावरून सोडलेले जहाजविरोधी क्षेपणास्त्र आदळले आणि तिच्यावरील चार नौसैनिक ठार झाले. त्याच पाण्यात काही दिवसांतच भारतीय जहाजांना जावे लागणार होते. युद्धात तटस्थ असलेल्या देशाच्या जहाजाला अशा प्रसंगी दोन्ही पक्षांचे भान ठेवावे लागते. नाकेबंदी करणाऱ्या पक्षाला आपला मार्ग व वेळ आगाऊ कळवून संमती मिळवावी लागते. किनाऱ्यावरून नेम धरणाऱ्याला आपण शत्रू नाही हे दिसेल अशा रीतीने वागावे लागते. आणि तरीही चुकून हल्ला झालाच, तर क्षणार्धात प्रतिकार करता येईल अशी सिद्धता ठेवावी लागते. निःशस्त्र प्रवासी जहाजापेक्षा विनाशिका या कामास अधिक उपयोगी पडते, ती या अखेरच्या कारणामुळे.

२० जुलै रोजी मुंबई बैरूत बंदरात शिरली व सहाशेंच्या आसपास लोकांना घेऊन सायप्रस बेटावरील लार्नाका बंदराकडे निघाली. बैरूतहून लार्नाका सु. २०० किमी. अंतरावर आहे. तेथून विमानांनी या लोकांना मायदेशी आणण्यात आले. युद्धनौकेवर प्रवाशांसाठी वेगळे कक्ष नसतात. तिच्यावरील प्रत्येक जागा यंत्रे, शस्त्रे किंवा नौसैनिकांचा निवास यांसाठी योजलेली असते. सु. ४०० माणसांच्या जहाजावर त्याहून अधिक लोक एका वेळी येतात, तेव्हा अन्न, पाणी, स्वच्छता आणि आजाऱ्यांची शुश्रूषा यांची सर्व व्यवस्था नौसैनिकांनाच करावी लागते. त्यामुळे अशा फेऱ्यांत जवळचे सुरक्षित बंदर गाठून तेथून पुढील प्रवास विमानाने करणे श्रेयस्कर ठरते. चारही जहाजांनी मिळून या मोहिमेत सु. २,२८० लोकांना बाहेर काढले. त्यांत भारतीयांखेरीज श्रीलंका व नेपाळ येथील नागरिक, तसेच भारतीयांशी विवाह केलेले काही लेबाननी नागरिकही होते.

पूर्व आशियातील सफर : एप्रिल २००९ मध्ये चीनच्या नौसेनेच्या साठाव्या वर्धापनदिनानिमित्त छिंगदाओ येथे आंतरराष्ट्रीय नौसंचलन झाले. भारतातर्फे मुंबईने त्यात भाग घेतला. त्यानंतर लगेच जपानजवळच्या समुद्रात भारत, अमेरिका व जपान यांच्या नौसेनांचा ‘मलबार’ हा संयुक्त सराव झाला. त्यातही मुंबई होती. एकाच सफरीत चीनच्या सोहळ्यास उपस्थिती आणि पाठोपाठ अमेरिका-जपान यांच्याबरोबर सराव, या क्रमातून त्या काळातील भारतीय परराष्ट्रनीतीचा तोल दिसून येतो. युद्धनौका ही शांततेच्या काळात देशाची दूत असते, असे म्हटले जाते ते याच अर्थाने.

येमेनमधील सुटका : येमेनमधील यादवी युद्धात २६ मार्च २०१५ पासून सौदी अरेबियाच्या नेतृत्वाखालील देशांनी हवाई हल्ले सुरू केले. येमेनमध्ये त्या वेळी चार हजारांहून अधिक भारतीय होते. त्यांत रुग्णालयांत काम करणाऱ्या, मुख्यतः केरळमधील, परिचारिकांची संख्या मोठी होती. भारत सरकारने हाती घेतलेल्या सुटकेच्या मोहिमेस ‘राहत’ असे नाव होते. ३० मार्च रोजी मुंबई व ‘तरकश’ ही फ्रिगेट मुंबई बंदरातून निघाल्या. त्यांच्याबरोबर ‘कवरत्ती’ व ‘कोरल्स’ ही प्रवासी जहाजेही पाठविण्यात आली. एडनच्या आखातात चाच्यांविरुद्ध गस्त घालणारी ‘सुमित्रा’ ही गस्तनौका सर्वांत जवळ असल्यामुळे ती ३१ मार्च रोजी एडनला पोहोचली व तिने ३४९ लोकांची पहिली तुकडी जिबूती येथे आणली. या कामगिरीबद्दल तिचे प्रमुख अधिकारी मिलिंद मोकाशी यांना शौर्यचक्र देण्यात आले.

मुंबई एडनसमोर आली, तेव्हा शहरात व बंदराच्या परिसरात लढाई चालू होती. धक्क्याला लागलेले मोठे जहाज हे सहज लक्ष्य ठरते आणि तेथून त्वरेने निघणेही त्यास कठीण जाते. म्हणून ४ एप्रिल रोजी ती बंदराबाहेर खोल पाण्यात थांबली व लोकांना लहान होड्यांतून जहाजापर्यंत आणण्यात आले. होडीतून युद्धनौकेच्या उंच बाजूवर चढणे हे सरावलेल्या खलाशासही सोपे नसते. येथे चढणाऱ्यांत स्त्रिया, मुले व वृद्ध होते. त्या फेरीत चारशेंहून अधिक लोक मुंबईने सु. २४० किमी. दूर असलेल्या जिबूतीस पोहोचविले. त्यांत निम्म्याहून अधिक परदेशी नागरिक होते. पुढील दिवसांत नौसेनेच्या जहाजांनी तांबड्या समुद्रावरील होडेडा आणि पूर्वेकडील मुकल्ला या बंदरांतूनही लोकांना बाहेर काढले. जिबूतीहून वायुसेनेच्या विमानांनी त्यांना कोची व मुंबई येथे आणण्यात आले, तर येमेनची राजधानी साना येथून एअर इंडियाच्या विमानांनी स्वतंत्र फेऱ्या केल्या. मोहिमेच्या अखेरीस ४,६४० हून अधिक भारतीय व ४१ देशांचे ९६० परदेशी नागरिक सुखरूप बाहेर आले होते. आपल्या नागरिकांना सोडविण्यासाठी अनेक देशांनी या वेळी भारताकडे साहाय्य मागितले.

या दोन्ही मोहिमांत एक साम्य आढळते. लेबाननच्या वेळी ताफा योगायोगाने जवळच होता आणि येमेनच्या वेळी पहिली नौका गस्तीवर होती. म्हणजे सुटकेचा वेग हा जहाजे आधीच समुद्रावर असण्यावर अवलंबून होता. सदिच्छाभेटी व गस्त ही वरवर पाहता शांततेच्या काळातील औपचारिक कामे वाटतात. संकटाच्या प्रसंगी त्यांचे मोल कळते. मुंबईची सहभगिनी म्हैसूर हिनेही २०११ मध्ये लिबियातील भारतीयांच्या सुटकेच्या मोहिमेत भाग घेतला होता. त्यामुळे अशी कामगिरी हा अपवाद न राहता या वर्गाच्या सेवेचा एक नेहमीचा भाग बनला, असे म्हणता येईल.

ध्वज : नौकेच्या पश्चभागी फडकणारा ध्वज हा तिच्या राष्ट्रीयत्वाची खूण व मानाचे चिन्ह असतो, मराठ्यांच्या सैन्यात जरीपटक्याला जे स्थान होते, तेच नौसेनेत या ध्वजाला असते. मुंबईच्या सेवाकाळात नौसेनेच्या ध्वजात अनेक फेरबदल झाले. ती दाखल झाली, तेव्हा पांढऱ्या पटावर लाल क्रूस व वरच्या कोपऱ्यात तिरंगा असा १९५० पासूनचा ध्वज होता. १५ ऑगस्ट २००१ रोजी क्रूस वगळून निळ्या रंगातील नौसेनेचे चिन्ह घालण्यात आले. आकाश व समुद्र यांच्या पार्श्वभूमीवर ते निळे चिन्ह उठून दिसत नाही, अशा तक्रारी आल्यामुळे २००४ मध्ये क्रूस पुन्हा आला व त्याच्या मध्यभागी राजमुद्रा घालण्यात आली. २०१४ मध्ये तिच्याखाली ‘सत्यमेव जयते’ ही अक्षरे आली. २ सप्टेंबर २०२२ रोजी क्रूस कायमचा काढण्यात आला. नव्या ध्वजावरील अष्टकोनी चौकट छत्रपती शिवाजी महाराजांच्या मुद्रेवरून घेतलेली आहे.

नूतनीकरण व पूर्व किनाऱ्यावरील सेवा : युद्धनौकेचा सांगाडा तीस ते चाळीस वर्षे टिकतो, तिच्यावरील इलेक्ट्रॉनिक सामग्री व शस्त्रे मात्र दहापंधरा वर्षांत कालबाह्य होतात. म्हणून मध्यायुष्यात जहाज दीर्घकाळ गोदीत घेऊन त्याची यंत्रे दुरुस्त करण्याची व सामग्री बदलण्याची प्रथा आहे. दिल्ली वर्गातील तिन्ही नौकांबाबत हा मार्ग अवलंबिण्यात आला. नूतनीकरणानंतर मुंबई ८ डिसेंबर २०२३ रोजी विशाखापट्टनम् येथे पूर्व ताफ्यात सामील झाली. ज्या शहरात ती बांधली गेली व ज्याचे नाव तिने धारण केले, त्या शहराचा तळ तिने अशा रीतीने सोडला. बंगालचा उपसागर व मलाक्काची सामुद्रधुनी यांचे वाढते महत्त्व या बदलातून दिसून येते.

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस तिने श्रीलंकेतील कोलंबो बंदरास भेट दिली. श्रीलंकेच्या वायुसेनेस भारताने दिलेल्या डॉर्निअर गस्तविमानासाठी लागणारे सुटे भाग तिने बरोबर नेले होते. त्याच दिवसांत चीनच्या तीन युद्धनौकाही कोलंबो बंदरात होत्या. पंधरा वर्षांपूर्वी चीनच्या सोहळ्यात पाहुणी म्हणून गेलेल्या नौकेला हिंदी महासागरातील बंदरात चिनी जहाजांचे सान्निध्य घडावे, यात बदललेल्या परिस्थितीचे प्रतिबिंब आहे. जानेवारी २०२५ मध्ये फ्रान्सच्या पुढाकाराने मलाक्का, सुंदा व लोंबोक या सामुद्रधुन्यांच्या परिसरात झालेल्या ‘ला पेरूज’ या बहुराष्ट्रीय सरावात भारतातर्फे मुंबईने भाग घेतला.

महत्त्व : मुंबई व तिच्या सहभगिनी यांनी दोन गोष्टी सिद्ध केल्या. मोठी व गुंतागुंतीची युद्धनौका भारतीय गोदीत बांधता येते, ही पहिली. त्यांच्या पाठोपाठ माझगाव गोदीतून कोलकाता वर्गाच्या तीन विनाशिका (२०१४–१६) आणि विशाखापट्टनम् वर्गाच्या चार विनाशिका (२०२१–२५) नौसेनेत दाखल झाल्या. मुंबईच्या बांधणीत आठ वर्षे झिजविणाऱ्या परावलंबनाचे प्रमाण या प्रत्येक टप्प्यात घटत गेले. दुसरी गोष्ट, युद्धनौकेचे मोल केवळ तिने बुडविलेल्या जहाजांच्या संख्येवर मोजता येत नाही. दूरदेशी कामास गेलेल्या माणसांच्या पाठीशी त्यांचे राष्ट्र उभे आहे की नाही, हे ज्या दिवशी विमानतळ बंद होतो व रस्ते तुटतात, त्या दिवशी ठरते. अशा दोन दिवशी, बैरूत व एडन येथे, मुंबई समुद्रावर हजर होती. तिच्या सेवेचा इतिहास मुख्यतः या उपस्थितीचा इतिहास होय.